लढाईची पंगत आणि तहाची पंगत

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात लढाईला चार पाने मिळतात आणि तहाला चार ओळी. कोण कुठे पडला, कोणाचा घोडा कोणत्या ओढ्यावर अडला हे मुलांना पाठ असते. तहाचे कलम विचारले तर वर्ग गप्प होतो. महाड-पोलादपूरच्या परिसरात मी वर्षानुवर्षे इतिहास शिकवीत आलो, आणि हा अनुभव मला दरवर्षी येतो. पण माणसांच्या जगण्यावर परिणाम होतो तो बहुधा लढाईचा नव्हे, तहाचा. लढाई दोन दिवसांत संपते, तहाची कलमे मात्र तीन पिढ्या भोगाव्या लागतात.

आमच्या समाजाला तर हा विषय अधिकच जवळचा आहे. लढाईच्या पंगतीत आम्हांला जागा होती. तहाच्या पंगतीत नव्हती. ही 'पंगत' माझी नव्हे. १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेसंबंधी एक आठवण महाराष्ट्रात सांगितली जाते. शिदनाक महाराचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंना लागून होता, म्हणून छावणीत कुरबूर झाली. तेव्हा हिरोजी पाटणकरांनी बजावले की ही जेवणाची पंगत नाही, येथे तलवार चालवणाऱ्यांची पंगत आहे. ही गोष्ट आपले लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. मला मात्र तिच्यात एक कडवट अर्धवटपणा दिसतो. तलवारीच्या पंगतीत विटाळ नाही हे मान्य. पण तलवार म्यान झाल्यावर काय? त्या रात्रीनंतर शिदनाकाचा तंबू कुठे होता, हे आठवण सांगत नाही.

खर्ड्याची लढाई मराठ्यांनी मार्च १७९५ मध्ये जिंकली. निजामाने दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख आणि तीन कोटींची रक्कम देण्याचे कबूल केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीसाठी कारस्थाने सुरू झाली, आणि नाना फडणीस घाट उतरून कोकणात, आमच्या महाडला येऊन बसले. महाडमधूनच त्यांनी सगळी सूत्रे हलवली. निजामाची मदत मिळवण्यासाठी ऑक्टोबर १७९६ मध्ये जो करार झाला, तो 'महाडचा तह' म्हणून ओळखला जातो. त्या कराराने खर्ड्याला मिळवलेले बहुतेक सारे निजामाला परत देण्याचे ठरले. म्हणजे हजारो शिपायांनी जे रणांगणात मिळवले, ते दीड वर्षात एका माणसाच्या दिवाणगिरीसाठी महाडात बसून परत केले गेले. महाडच्या इतिहासात चवदार तळ्याआधीचा हा एक मोठा प्रसंग आहे. पण गावात त्याची आठवण कोणी काढत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण तह म्हणजे काय चीज असते हे त्यातून स्वच्छ दिसते. जेते आपसांत भांडू लागले की जयाचे चलन खोटे ठरते.

आता याच मापाने मी तुम्हांला शंभर वर्षांपूर्वीच्या एका फार मोठ्या तहाकडे नेणार आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतरचा पॅरिसचा तह. त्याचा महाड-पोलादपूरशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो दूरचा नाही.

त्या युद्धात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसे समुद्रापार गेली. त्यांत बंदूक धरणारे होते, तसे खेचरे हाकणारे, खंदक खणणारे, जखमी वाहणारेही होते. सत्तर हजारांहून अधिक परत आले नाहीत. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने दहा कोटी पौंड ब्रिटनला 'भेट' म्हणून दिले. त्या भेटीवर सही करताना हिंदुस्थानातील कोणत्याही शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. १९१८ मध्ये पाऊस दगा देऊन गेला, आणि त्याच पावसाळ्यात मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा आत शिरला. त्या साथीत या देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली. युद्धात मेलेल्यांपेक्षा कितीतरी पट अधिक. पण साथीत मेलेल्यांचा तहाशी संबंध कोणी जोडत नाही.

कोकण हा सैन्यभरतीचा जुना मुलूख. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्याचे नावच फौजेवरून पडले आहे. (हे आंबवडे वेगळे आणि मंडणगड तालुक्यातले, बाबासाहेबांच्या पूर्वजांचे आंबडवे वेगळे, बाहेरचे लोक नेहमी घोटाळा करतात.) महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सरकारने युद्धानंतर दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतकी माणसे महायुद्धात गेली, त्यांतली इतकी कामास आली, एवढाच मजकूर. नाव नाही. आकडा आहे. मी मुलांना सांगतो की या पाटीकडे नीट पाहा. साम्राज्याच्या तहात आपला सहभाग किती होता, हे याहून थोडक्यात कोणी लिहिलेले नाही.

महारांची गोष्ट तर आणखी निराळी. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आणि त्यावरची 'नाक'प्रत्ययी नावे आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. पण पेशवाई बुडाल्यानंतरची व्यवस्था कशी लावली गेली, याकडे आपण कमी पाहतो. एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखात जुन्या वरिष्ठांना सांभाळून घेतले. इनामे, वतने, ब्राह्मणांची दक्षिणा शक्य तेवढी चालू राहिली, साताऱ्याच्या गादीशी १८१९ मध्ये तह झाला, जातीच्या प्रश्नात हात घालायचा नाही असे धोरण ठरले. कनिष्ठ जातींतली मुले शाळेत हुशार निघतात, पण केवळ त्यांच्यापासून शिक्षणाला आरंभ केला तर शिक्षणच इतरांना तिरस्करणीय होईल, या अर्थाचे त्याचे १८२४ चे टिपण प्रसिद्ध आहे. जिंकणाऱ्या फौजेतल्या शिपायाला स्तंभ मिळाला. हरलेल्यांतल्या प्रतिष्ठितांना व्यवस्था मिळाली. विजेता नेहमी हरलेल्यांतल्या बलिष्ठांशी तह करतो. आपल्याकडच्या दुबळ्यांशी तह करण्याची त्याला गरजच वाटत नाही.

आणि १८९० नंतर तर लष्करी जाती आणि बिगरलष्करी जाती असा नवा शास्त्रार्थ निघाला आणि महारांची भरतीच बंद झाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त फौजी. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारा हा माणूस १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज घेऊन उभा राहिला: आमची पूर्वीची सेवा आठवा, दार उघडा. शिवराम जानबा कांबळे यांनी तोच आवाज पुढे १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यापर्यंत नेला. दार उघडले नाही. ते उघडले १९१७ मध्ये, युरोपात माणसे कमी पडू लागली तेव्हा. १११ वी महार ही पलटण उभी राहिली. १९२० मध्ये ती ७१ व्या पंजाबीत मिळवली गेली आणि १९२१ च्या मार्चमध्ये मोडून टाकली. युद्ध संपले, गरज संपली. पॅरिसमध्ये नकाशे रंगवण्याचे काम चालू होते त्याच सुमारास इकडे हे मोडणे चालले होते.

पॅरिसची परिषद १८ जानेवारी १९१९ ला भरली. तारीख मुद्दाम निवडली होती. १८७१ मध्ये याच तारखेला व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. सूड घेण्यासाठीही तिथी पाहतात, हे युरोपियनांकडूनही शिकावे. परिषदेला पंचवीसहून अधिक राष्ट्रांचे प्रतिनिधी आले. पण पूर्ण सभा म्हणजे शोभेचे काम. खरे काम प्रथम दहा जणांच्या मंडळात आणि मार्चअखेरपासून चौघांच्या खोलीत झाले. अमेरिकेचे विल्सन, इंग्लंडचे लॉइड जॉर्ज, फ्रान्सचे क्लेमान्सो आणि इटलीचे ओर्लांदो. त्यांच्या खाली पन्नासहून अधिक समित्या: या नदीचे काय, त्या बंदराचे काय, कोळशाच्या खाणी कोणाला, जहाजे कोणाला. प्रत्येकाचे हिशेब निराळे. क्लेमान्सोला जर्मनी पुन्हा उठू नये असे वाटत होते, कारण लढाई त्याच्या जमिनीवर झाली होती. लॉइड जॉर्जला मतदारांना दिलेले वचन पाळायचे होते आणि जर्मनीशी व्यापारही हवा होता. विल्सनला राष्ट्रसंघ हवा होता, आणि त्यासाठी तो एकेक तत्त्व विकत गेला. अखेर त्याच्याच देशाच्या सिनेटने तह नाकारला.

हरलेल्यांना चर्चेला बोलावलेच नाही. शंभर वर्षांपूर्वी, १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत पराभूत फ्रान्सचा तालेराँ मेजाशी बसला होता आणि जेत्यांच्या भांडणाचा त्याने फायदा उठवला होता. १९१९ मध्ये तशी सोय ठेवली नाही. ७ मे रोजी जर्मनांच्या हातात मसुदा ठेवला, आणि काय म्हणायचे ते लेखी म्हणा, असे सांगितले. तोवर समुद्री नाकेबंदी चालूच होती. सही नाही तर अन्न नाही आणि पुन्हा सैन्य, अशी ती वाटाघाट. २८ जून १९१९ ला त्याच आरसेमहालात सह्या झाल्या. ४४० कलमे. २३१ व्या कलमाने युद्धाच्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर टाकली, आणि १९२१ मध्ये भरपाईचा आकडा ठरला १३२ अब्ज सुवर्ण मार्क. ब्रिटिश खजिन्याचा प्रतिनिधी असलेला केन्स जूनमध्येच राजीनामा देऊन बाहेर पडला होता. एकाच पराभूताने पुढे कलमे बदलून घेतली, तो तुर्कस्तान. १९२० चा सेव्ह्रचा तह केमाल पाशाने रणांगणात फाडला आणि १९२३ मध्ये लोझानला नवा तह झाला. हातात बळ उरलेल्यालाच कलम बदलता येते, हे त्या काळी हिंदुस्थानातल्या खिलाफतवाल्यांनीही पाहिले.

माझ्या वर्गातल्या, पोलादपूरच्या वरच्या वाडीतून चालत येणाऱ्या एका मुलीने हा धडा चालू असताना मला विचारले, "सर, जिंकलेल्यांत आपण होतो की हरलेल्यांत?" या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. कागदावर हिंदुस्थान जेत्यांत होता. परिषदेत त्याला दोन जागा होत्या, कॅनडा-ऑस्ट्रेलियाइतक्याच. राष्ट्रसंघाचा तो मूळ सभासद झाला. आणि त्याच्या वतीने सही कोणी केली? भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. तिसरे प्रतिनिधी लॉर्ड सिंह. एक इंग्रज मंत्री, एक संस्थानिक, एक सरकारी बॅरिस्टर. काँग्रेसने टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचवली होती. ती कोणी विचारात घेतली नाहीत. टिळक तेव्हा विलायतेत होते. त्यांना पॅरिसला जाऊ दिले नाही, म्हणून त्यांनी क्लेमान्सोला पत्र लिहून हिंदुस्थानसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला.

टिळकांची ती मागणी न्याय्य होती, यात शंका नाही. पण बरोबर एक वर्षापूर्वी, मार्च १९१८ मध्ये मुंबईला सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारणाची परिषद भरली, तेव्हा याच लोकमान्यांनी व्यासपीठावरून देवालाही आव्हान देणारे जोरदार भाषण केले आणि अस्पृश्यता मी स्वतःच्या व्यवहारात पाळणार नाही, या प्रतिज्ञापत्रावर सही मात्र केली नाही. क्लेमान्सोच्या दारात स्वयंनिर्णय आणि स्वतःच्या दारात रूढी. विल्सनचा दोष आम्ही सांगतो, तो आम्ही घरातच पाहिलेला होता.

पॅरिसच्या दाराबाहेर आणखी कितीतरी जण ताटकळत होते. पुढे हो चि मिन्ह म्हणून गाजलेला तरुण न्युएन आय क्वोक या नावाने व्हिएतनामच्या मागण्यांचा कागद घेऊन फिरत होता. अमेरिकेतल्या निग्रो समाजाचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फेब्रुवारीत तेथेच आफ्रिकी वंशाच्या लोकांची परिषद भरवली. युद्ध चालू असताना ड्यू बॉइस यांनी आपल्या लोकांना सांगितले होते की गाऱ्हाणी बाजूला ठेवा, गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढा. त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या शहरांत निग्रोंवर हल्ले झाले. गणवेश उतरवून घरी आलेल्या शिपायांनाही झाडाला टांगले गेले. वलंगकरांचा अर्ज, १११ वी पलटण, आणि हे. समुद्र मध्ये आहे एवढाच फरक.

याच परिषदेत एक दिवस असा आला, ज्याची तारीख आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी असे मला वाटते. ११ एप्रिल १९१९. राष्ट्रसंघाच्या घटनेत राष्ट्रांची समता आणि त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक यांचे तत्त्व घालावे, असा आग्रह जपानच्या माकिनोने धरला. मागणी आधीच कापून कापून पातळ केलेली होती. 'वंश' हा शब्दही शेवटच्या मसुद्यात उरला नव्हता. समितीत सतरांपैकी अकरा मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन. त्याने सांगितले की एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला एकमत पाहिजे. याआधी इतर बाबतीत बहुमत पुरले होते. ऑस्ट्रेलियाच्या ह्यूजेसने तर गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलियासाठी आकाशपाताळ एक केले होते, आणि इंग्लंडला वसाहती दुखवायच्या नव्हत्या. समतेचे कलम पडले. बहुमताने मंजूर होऊन पडले.

जपान काही समतेचा पुजारी नव्हता. त्याच मार्चमध्ये त्याने कोरियातले स्वातंत्र्याचे आंदोलन चिरडले होते, आणि समतेचे कलम गेल्यावर त्याला चीनचा शांतुंग मिळाला, तेव्हा त्याने तक्रार केली नाही. चीनने मग तहावर सहीच केली नाही. तत्त्व दिले नाही तर जमीन दिली, आणि ती तिसऱ्याची दिली. तहाच्या मेजावरची देवघेव अशी चालते. त्या मतदानानंतर दोन दिवसांनी, १३ एप्रिलला, 'जेत्या' हिंदुस्थानातल्या अमृतसरला जालियनवाला बाग घडली. त्याच तहाने जर्मनीच्या आणि तुर्कांच्या ताब्यातले मुलूख 'पालकत्वा'खाली घेतले. हे लोक अजून स्वतःच्या पायांवर उभे राहू शकत नाहीत, म्हणून पुढारलेल्यांनी त्यांचा सांभाळ करायचा. हा युक्तिवाद मला मुळीच परका वाटला नाही. गावगाड्यात तो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे.

पॅरिसमधून आपल्याला काहीच मिळाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तहाच्या तेराव्या भागातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली. तिच्या १९१९ च्या वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते नारायण मल्हार जोशी, आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे. त्या परिषदेनंतर १९२२ चा कारखाना कायदा आला आणि साठ तासांचा आठवडा ठरला. महाड-पोलादपूरची निम्मी घरे तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्यांवर जगत होती. दासगावच्या बंदरातून बोटीने माणसे जात आणि मनीऑर्डरी येत. त्या माणसांपर्यंत व्हर्सायचा तह पोचला असेल तर तो एवढ्याच रूपाने. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदा सुरू झाल्या आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आला, तेही याच धाग्याने.

बाबासाहेब १९१९ मध्ये कुठे होते? मुंबईत, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. पॅरिसची परिषद भरून नऊ दिवस झाले होते, त्या २७ जानेवारी १९१९ ला त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. महायुद्धानंतर हिंदुस्थानला काय द्यायचे, हे ठरवणाऱ्या वाटाघाटीचाच तो भाग होता. तेथे सत्तावीस वर्षांच्या या तरुणाने मांडले की अस्पृश्यांचे हितसंबंध त्यांच्या वतीने दुसरा कोणी सांभाळू शकत नाही. त्यांना मताधिकार पाहिजे आणि त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी पाहिजेत. पॅरिसला बिकानेरचे महाराज ज्या अर्थाने हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते, त्याच अर्थाने स्पृश्य पुढारी अस्पृश्यांचे प्रतिनिधी होते, असे मी म्हणेन. १९१९ च्या सुधारणा कायद्याने अस्पृश्यांना मिळाले ते सरकारने नेमायचे प्रतिनिधित्व. निवडून देण्याचा हक्क नव्हे.

आणि मग महाड. १९-२० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद (कुलाब्याचा रायगड १९८१ मध्ये झाला). त्या परिषदेतल्या पेन्शनर फौजींकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षीय भाषणात सैन्यभरतीच्या बंदीचा मुद्दा ठळकपणे येतो: कोकणातला हा अस्पृश्यवर्ग पलटणीमुळे शिकला, वर आला, आणि ज्यांच्यासाठी तो लढला त्यांनीच त्याला दार लावले. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी जमवलेल्या त्या समुदायात बंदूक चालवता येणारी माणसे कमी नव्हती. २० तारखेला तळ्यावर पाणी प्यायले गेले, वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठली, आणि परतणाऱ्या बायामाणसांवर लाठ्या पडल्या. त्या वेळी हे फौजी उलट हात उचलायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. शरण जाणे निराळे आणि लढाईची जागा आपण निवडणे निराळे, हे त्यांना पक्के माहीत होते.

दोन्ही बाजूंच्या हातात काय होते ते पाहा. बोले यांचा १९२३ चा ठराव आणि महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव यांनी तळे कागदावर खुले केले होते. कागद म्हणजे तह. सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने स्वतःचाच ठराव फिरवला. १७९६ ला महाडात खर्ड्याचा तह फिरला, १९२७ ला तळ्याचा. मग १४ डिसेंबरला कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला.

२५ डिसेंबर १९२७ ला सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. ती सभा भरली होती व्हर्सायलाच. महाडच्या मंडपातल्या अनेकांनी किंवा त्यांच्या भावाबंदांनी ज्या महायुद्धात भाग घेतला होता, त्याचा तह अवघ्या आठ वर्षांपूर्वी व्हर्सायला झाला होता. वर्तमानपत्रांत रोज त्याची आणि राष्ट्रसंघाची चर्चा. तरीही व्हर्साय म्हणताना बाबासाहेबांनी आरसेमहालातल्या जेत्यांना बोलावले नाही. त्यांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढणाऱ्या सभेला बोलावले. त्याच दिवशी महाडला माणसाच्या जन्मसिद्ध समतेचा ठराव झाला आणि मनुस्मृती जाळली गेली. पॅरिसमध्ये अकरा मतांनी जे कलम मंजूर होऊन पडले, ते फतेखानांच्या जागेत उभारलेल्या मंडपात, कोणत्याही राष्ट्राचे प्रतिनिधी नसलेल्या माणसांनी मंजूर केले. या घटनांना एका सूत्रात गोवणारे हे वाचन माझे आहे. पण तारखा माझ्या नाहीत.

आणि त्या भाषणाच्या अखेरीस त्यांनी तहाची अटही सांगून टाकली: ही क्रांती शांततेने होते की नाही, हे विरोधकांच्या वागण्यावर अवलंबून राहील. सत्याग्रह तहकूब करताना त्यांनी सरकारशी एकाच वेळी दुसरी आघाडी उघडण्याचे टाळले, जिल्ह्याच्या कलेक्टरशी बोलणे केले, जमलेल्या हजारोंना समजावले आणि खटला अंगावर घेतला. तो खटला १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात संपला. दहा वर्षे. व्हर्सायचा तह तेवढ्यात मोडीत निघाला होता. हिटलरची फौज १९३६ मध्येच ऱ्हाइनलँडमध्ये शिरली होती. महाडचा निकाल टिकला.

दुसऱ्या महायुद्धाचे थोडक्यात सांगतो. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर बाबासाहेबांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडली गेली नाही. १९२१ आणि १९४६ यांत फरक कोणता, असे विद्यार्थी विचारतात. माझ्या मते फरक एवढाच की मधल्या काळात आपला एक माणूस मेजापाशी जाऊन बसला होता.

पण तेवढ्याने भागले नाही. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनने हिंदुस्थानशी सत्तांतराची बोलणी सुरू केली. बाबासाहेब एप्रिल १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनला भेटले. १६ मे १९४६ च्या योजनेत घटनासमितीसाठी तीन गट मोजले गेले: सर्वसाधारण, मुसलमान, शीख. अस्पृश्यांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता; ते सर्वसाधारणात जमा. जुलैमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह केला. त्याच उन्हाळ्यात बाबासाहेबांनी अमेरिकेत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंच्या वतीने युनोकडे अर्ज जाणार असे कळले आहे, त्याची प्रत मिळेल का? ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर जुलैअखेरीस आले. १९१९ मध्ये पॅरिसच्या दारात थांबवलेला एक आणि महाडचा दुसरा, असे दोघे सत्तावीस वर्षांनी एकमेकांना लिहीत होते.

घटनासमितीत बाबासाहेब गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने. महाड ज्या मुंबई इलाख्यात होते, त्या इलाख्याच्या विधिमंडळाने त्यांना पाठवले ते फाळणीत बंगालची जागा गेल्यावर, जुलै १९४७ मध्ये.